चौथा ईसीएम बसवण्याआधी

गाडीचं दुखणं: वाचकांचे प्रश्न, मिस्त्रींची उत्तरं

प्रश्न: मिस्त्रीकाका, नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, गेली ३१ वर्षं अमेरिकेत. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं ॲरिझोनात टूसॉनला राहतो. तुमचं मासिक बहीण तीन-तीन अंक एकत्र करून पाठवते, त्यामुळे तुमची उत्तरं मी शिळीच वाचतो, पण वाचतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी मोटरहोम घेतली. २००४ सालची, ३८ फुटी, डिझेल इंजिन मागे, ८.३ लिटर, सहा सिलिंडर, १२ व्होल्ट. ७१ हजार मैल झालेत. पहिली दोन वर्षं तिनं काही त्रास दिला नाही. गेल्या एप्रिलपासून ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारी कॉम्प्युटरची पेटी, तीन वेळा गेला.

पहिल्यांदा एप्रिलमध्ये. गाडी सहा आठवडे भाड्याच्या पार्किंगमध्ये उभी होती. किल्ली फिरवली, दिवे लागले, सेल्फ मारला, इंजिन फिरलं पण सुरू झालं नाही. दुसऱ्यांदा किल्ली फिरवली तर चेक इंजिनचा दिवासुद्धा लागेना. दुरुस्त केलेला ईसीएम बसवला. त्यानंतर युटा आणि कोलोरॅडो फिरून आलो, २,६०० मैल. आयझेनहॉवर बोगद्याचा ११ हजार फुटांचा घाट चढलो, काही झालं नाही. ऑगस्टमध्ये फ्लॅगस्टाफला तीन आठवडे मुक्काम होता, निघायच्या दिवशी सकाळी तसंच झालं. दुसरा दुरुस्त केलेला बसवला. तो नोव्हेंबरात गेला, पुन्हा पार्किंगमध्येच.

पहिला मेकॅनिक म्हणाला, वय झालं होतं. दुसरा म्हणाला, दुरुस्तीचा माल खराब. तिसऱ्यानं अल्टरनेटर आणि इंजिनच्या दोन्ही बॅटऱ्या बदलल्या. आता चौथा म्हणतो, कोराच ईसीएम घ्या. जळलेल्या पेट्या दुरुस्तीवाल्याकडे परत गेल्या. त्याच्या दोन्ही चिठ्ठ्यांवर "आउटपुट ड्रायव्हर जळालेला" एवढंच लिहिलंय. नवा घ्यावा का? की गाडी विकावी? बायकोचं मत विकावी असं आहे. तिचं म्हणणं, किल्ली फिरवल्यावर पलंगाखालून जो आवाज येतो तो वर्षभरात बदललाय. जुनी गाडी आहे, आवाज बदलायचेच. असो.

उत्तर: तुम्ही तीन पानं लिहिलीत आणि त्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य "असो" म्हणून सोडून दिलंत. आवाज बदलला हे वहिनींनी ओळखलं. चार मेकॅनिक येऊन गेले, एकानंही त्यांना काही विचारलं नाही. आज त्यांना तुमच्या हातचा चहा द्या आणि पुढचं मोठ्यानं वाचून दाखवा.

ज्या वाचकांनी अशी गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मुलीकडे डॅलसला गेलो होतो तेव्हा तिच्या शेजाऱ्यांची आत शिरून पाहिली होती. खालून ती आपल्याकडच्या मागच्या इंजिनाच्या लक्झरी बससारखीच, एअर ब्रेक आणि हवेच्या फुग्यांचं सस्पेन्शन. आत सीटांच्या जागी बैठक, ओटा, न्हाणीघर आणि सगळ्यात मागे पलंग. गादी उचलली की फळी, फळी उचलली की इंजिन. म्हणजे पलंगावर झोपणाऱ्याच्या बरोबर पाठीखाली सहा सिलिंडर. डिझेलची टाकी मात्र बऱ्याच गाड्यांत पुढच्या चाकांच्या मागे असते आणि तिथून पाइप गाडीच्या लांबीभर मागे येतो. हा पाइप पुढे लागणार आहे.

आता तुमच्या तारखा बघू. गाडी चालत असताना ईसीएम एकदाही गेला नाही. ११ हजार फूट चढताना इंजिन तापलेलं, ईसीएम तापलेला, अल्टरनेटर जोरात, वर रस्त्याचे हादरे. बोर्डावरचं सोल्डर तडकलं असतं, अल्टरनेटर विजेचा वेडावाकडा दाब (व्होल्ट) टाकत असता किंवा वायर कुठे घासून शॉर्ट होत असती, तर ईसीएम त्या घाटात जायला हवा होता. तो तिन्ही वेळा गेला उभ्या गाडीत, आठवडेच्या आठवडे पडून राहिल्यावर, किल्ली फिरवल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात. त्या मिनिटात असं काय चालू असतं जे नंतर बंद होतं? एक सेल्फ. दुसरा लिफ्ट पंप, टाकीतलं डिझेल इंजिनापर्यंत आणणारा. थंडीत हवा तापवायची जाळीही लागते, पण टूसॉनच्या एप्रिलमध्ये तिचं काय काम?

तुमच्या पिढीच्या इंजिनात लिफ्ट पंप विजेवर चालतो. किल्ली ऑन केली की तो साधारण अर्धा मिनिट गुणगुणतो, लाइनमध्ये डिझेल भरतो आणि गप्प होतो. वहिनी ऐकतात तो हाच. इंजिन सुरू झालं की डिझेल ओढायचं काम इंजिनावरचा गिअर पंप करतो. म्हणून लिफ्ट पंप अर्धमेला झाला तरी गाडी घाट चढते आणि चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. गोम पुढे आहे. या पंपाचा करंट ईसीएमच्या पोटातून जातो. मध्ये रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा खटका) नाही, पंपाचा वेगळा फ्यूजही नाही. आतल्या बोर्डावर हरभऱ्याच्या डाळीएवढा एक ट्रान्झिस्टर असतो, तोच या पंपाचा स्विच. तुमच्या चिठ्ठ्यांवरचा "आउटपुट ड्रायव्हर" म्हणजे असाच ट्रान्झिस्टर.

पंप म्हणजे कार्बनवाली साधी डीसी मोटार. फिरत असते तोवर ती स्वतःच उलटा दाब तयार करते आणि त्यामुळे कमी करंट खाते. हीच मोटार अडकली की उलटा दाब शून्य, मग करंट अडवायला उरतो फक्त तांब्याच्या वाइंडिंगचा रोध. तो पाऊण ओहम धरा. १२ व्होल्टला १६ अँपियर होतात. चार-पाच अँपियरची सवय असलेल्या त्या डाळीनं एवढा भार किती वेळ पेलायचा? गाडी महिनाभर उभी राहिली की कार्बन आणि तो ज्यावर घासतो त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कॉम्युटेटरमध्ये मळ धरतो, आतल्या पात्या चिकटतात. पहिल्या किल्लीला मोटार अडते, ट्रान्झिस्टर तापून शॉर्ट होतो आणि बोर्डावरची सप्लायची पट्टी घेऊन जातो. मग अख्खी पेटी मुकी. तुम्ही दुसऱ्यांदा किल्ली फिरवलीत तेव्हा दिवा लागला नाही तो यामुळे. त्यानंतर नवी पेटी आली आणि तिला तोच पंप जोडला गेला. पहिल्या पेटीनं घेतल्यापासून दोन वर्षं काढली, दुसरीनं चार महिने, तिसरीनं तीन. पंप बिघडत चाललाय तसं अंतर कमी होत चाललंय. "दुरुस्तीचा माल खराब" म्हणणाऱ्यानं हे अंतर मोजलं नाही.

मी इथे कोल्हापुरात बसून तुमचा पंप पाहिलेला नाही, तेव्हा मोजल्याशिवाय माझ्यावर विश्वास ठेवू नका. सध्या गाडीत ईसीएम मेलेलाच आहे, हे या कामाला बरंच आहे. त्याचे कपलर (वायरींचे जोड) काढून ठेवा.

पंपाचा कपलर सोडवा. त्याच्या दोन पिनांमधला रोध मोजा, मग प्रत्येक पिन आणि पंपाची बॉडी यांमधला. बॉडीशी मीटर काही दाखवत असेल तर पंप तिथेच बाद. मग पंपाला बॅटरीवरून १५ अँपियरचा फ्यूज मध्ये घालून थेट सप्लाय द्या आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर एका वायरीभोवती धरा. साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, तो शून्य दाखवेल आणि तुम्ही म्हणाल पंप उत्तम. पंप चालू-बंद चालू-बंद दहा वेळा करा. प्रत्येक वेळी सुरुवातीचा आकडा आणि पाच सेकंदांनंतरचा आकडा वहीत लिहा. वहिनींना पलंगावर बसवा आणि विचारा, हाच का तो आवाज.

एक इशारा. ईसीएमच्या कपलरमध्ये मल्टिमीटरची जाडी सळई खुपसू नका. त्या पिना माचिसच्या काडीहून बारीक. सळई घातली की मादी पिन फाकते, नंतर ती नराला धरत नाही, आणि नसलेला लूज काँटॅक्ट तुम्ही स्वतः तयार करता. त्याच मापाची सुटी पिन मिळते, तिला वायर लावून मोजा. चाचणी करणाऱ्यानंच बिघडवलेली निम्मी वायरिंग मी आयुष्यभर नीट करत आलोय.

पंपाकडे जाताना ईसीएमचा सप्लायही तपासून घ्या. या गाड्यांत बॅटरीपासून ईसीएमला वेगळी थेट वायर येते आणि तिचा फ्यूज बॅटरीच्या पेटीतच असतो, आम्लाच्या वाफेत. नुसते व्होल्ट मोजू नका. एक धागा शिल्लक असलेली वायरसुद्धा मीटरला १२.६ दाखवते. कपलरच्या सप्लाय आणि अर्थ (करंट परत जायची वाट) पिनांवर हेडलाइटचा एच-फोर ५५ वॉटचा बल्ब लावा, म्हणजे साडेचार-पाच अँपियर ओढले जातील. आता बॅटरीवर किती आणि बल्बवर किती ते पाहा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वायर किंवा थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) खराब. इंजिनच्या अर्थचंही तसंच. एक सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, त्याला कसलेल्या वायरीच्या क्लॅम्पवर नव्हे, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, आणि कुणीतरी सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. तुमच्या बाबतीत पाप पंपाचंच निघेल असं मला वाटतं, पण हे दहा मिनिटांचं काम आहे.

अल्टरनेटर नवा घातलाच आहे, तर इंजिन चालू झाल्यावर मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर मोजा. अर्धा व्होल्ट एसी दिसला तर आतला एखादा डायोड गेलेला. नवा अल्टरनेटरही खराब निघू शकतो. लोक डेटा लाइनचे (ईसीएम ज्या वायरींवरून बाकीच्या पेट्यांशी बोलतो तिचे) दोन १२० ओहमचे रोध मोजायला सांगतात, बॅटरीची टोकं सोडवून मोजले की ६० ओहम मिळतात. मोजा हवं तर. पण त्या लाइनच्या बिघाडानं ईसीएम बोलायचा बंद होतो, जळत नाही.

दुरुस्तीवाल्याला फोन करून एकच विचारा: जळालेला ड्रायव्हर कुठल्या पिनचा? दोन्ही पेट्यांत तीच पिन असेल आणि ती पंपाची असेल, तर मोजायच्या आधीच तुमचा निकाल लागला. चिठ्ठीवर पिन नंबर लिहीत नाहीत. विचारणारा विचारत नाही, म्हणून लिहिणारा लिहीत नाही.

आमच्याकडे असाच एक मालक यायचा, स्लीपर कोचवाला, मुंबईच्या रूटचा. त्याच्या गाडीचा ईसीएम दोनदा गेला, तिसऱ्यांदा तो रडकुंडीला येऊन उद्यमनगरात माझ्याकडे आला. त्या गाडीत पंप-बिंप काही नव्हतं. बॉडी बांधणाऱ्यानं चेसिसला सुंदर काळा रंग मारला होता आणि अर्थची पट्टी त्या रंगावरच कसली होती. सेल्फचा परतीचा करंट पट्टीतून जाईना, म्हणून तो मिळेल त्या वाटेनं जायचा, आणि त्यातली एक वाट ईसीएमच्या अर्थची बारीक वायर. पट्टी सोडली, पॉलिश पेपरनं रंग खरवडला, पांढरं लोखंड दिसलं, पट्टी परत कसली, वरून ग्रीस. मजुरी मागायची लाज वाटली. मालकानं दिली, तीही चहासकट.

पंप खराब निघाला तर नवा पंप घालाच, पण तो पुन्हा ईसीएमवर टाकू नका. ईसीएममधून पंपाकडे येणाऱ्या दोन वायरी रिलेच्या ८५ आणि ८६ नंबरच्या पिनांना लावा. बॅटरीवरून १० अँपियरच्या फ्यूजमधून रिलेच्या ३० ला, ८७ वरून पंपाला, पंपाची दुसरी वायर थेट अर्थला. रिलेचं कॉइल बंद होताना उलटा झटका मारतं, त्यासाठी ८५-८६ वर आडवा एक डायोड हवा. त्याच्या अंगावरचा पांढरा पट्टा पॉझिटिव्हच्या बाजूला. हे दोनदा तपासा. डायोड उलटा लागला तर तोच शॉर्ट, आणि पाचव्या ईसीएमचे पैसे तयार ठेवा. डायोड आतच बसवलेले रिलेही मिळतात, त्यांनाही उलटसुलट कळतं. रिले घातल्यावर स्कॅनर लावून पंपाचा काही कोड येतो का तेही बघून घ्या.

कोरा ईसीएम घ्यायचा की दुरुस्त केलेला, हा प्रश्न त्यानंतरचा. पंप तोच राहिला तर कोराही जाईल, फक्त जास्त पैसे घेऊन. गाडी विकायची की नाही ते घरात ठरवा. मात्र कारण न शोधता विकलीत तर हे पत्र पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी मला लिहील.

त्याच वाचकांचं दुसरं पत्र, सात आठवड्यांनी (थोडक्यात देतो): पंपाची बॉडी आणि पिन यांत शॉर्ट नाही. वाइंडिंग ०.७ ओहम. थेट सप्लायवर दहा वेळा चालवला: सात वेळा फिरला, पण ९ ते ११ अँपियर खात. तीन वेळा नुसता "टक्" करून थांबला, मीटरवर १७. बाजारातला नवा पंप त्याच बॅटरीवर साडेचार. पंप कापून पाहिला, कॉम्युटेटरचे दोन पट्टे काळेठिक्कर आणि पात्यांवर चरे. दुरुस्तीवाल्यानं फोनवर सांगितलं, दोन्ही पेट्यांत जळलेला ड्रायव्हर पंपाचाच. पण ब्लॉकच्या अर्थलाही सेल्फ मारताना ०.९ व्होल्ट मिळाले. पट्टीचं चेसिसकडचं टोक गंजून हिरवं. आणि टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपाला पुढच्या बाजूला चिरा. पत्रात शेवटी लिहिलंय, "हिला आवाज ऐकवला. 'हाच' म्हणाली आणि आत निघून गेली."

उत्तर: अर्थची पट्टी "दहा मिनिटांचं काम" म्हणून मी उरकली, आणि तिथेही ०.९ निघाले. मान्य. एकाच गाडीत दोन रोग असू शकतात हे मला या वयात पुन्हा शिकायला लागलं. पट्टी साफ करण्यापेक्षा बदला. तांब्याच्या जाळीत हिरवा गंज आतपर्यंत गेलेला असतो, बाहेरून घासून तो जात नाही.

पाइपाच्या चिरा मात्र मला आवडल्या, कारण त्यांनी राहिलेला प्रश्न सुटला: पंप एवढ्या लवकर का झिजला? या पंपाला वंगण डिझेलचंच. लांबच्या पाइपातून चिरांवाटे हवा शिरली की गाडी उभी असताना डिझेल टाकीकडे उतरतं आणि पंप रिकामा राहतो. मग किल्ली ऑन झाली की तो अर्धा मिनिट कोरडा फिरतो. पात्यांवरचे चरे त्याचे आहेत. पाइप पूर्ण बदला, तुकडा जोडू नका, आणि डिझेलसाठीचाच घ्या. पाइप तसाच ठेवून नवा पंप घातलात तर ईसीएम वाचेल, रिलेमुळे, पण दोन वर्षांत पंप पुन्हा घरघरेल. आवाज ओळखायला माणूस घरात आहेच.

क्रम असा ठेवा: पाइप, पट्टी, पंप, रिले, आणि सगळ्यात शेवटी ईसीएम. ईसीएम बसवायच्या आधी, रिलेला मिळणाऱ्या दोन वायरींवर साधा २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावून ठेवा. नवा ईसीएम लावून किल्ली ऑन केल्यावर तो अर्धा मिनिट पेटून विझला तर ड्रायव्हर धडधाकट, मग बल्ब काढून रिले जोडा. दुरुस्तीवाल्याला इंजिनचा सिरियल नंबर द्या. पेटीत भरायचं कॅलिब्रेशन (इंजिनाची सेटिंग) त्या नंबरावरून ठरतं. दुसऱ्या ताकदीच्या इंजिनाचं भरलं तर गाडी चालेल, पण धूर काढेल किंवा ओढणार नाही, आणि तुम्ही मला तिसरं पत्र लिहाल.

प्रश्न: आमची नाशिकची कॅम्पर, प्रवासी टेम्पोच्या चेसिसवर बांधून घेतलेली. २०२१ मध्ये सरकारचं कॅरव्हॅन धोरण आलं तेव्हापासून डोक्यात होतं, गेल्या वर्षी जमलं. मागे सायकलींसाठी कॅरिअर वेल्ड करून घेतला. दुसऱ्या दिवसापासून इंजिन सुरू होत नाही. गॅरेजवाला म्हणतो ईसीएम गेला. वेल्डिंगनं जातो का?

उत्तर: जातो. वेल्डिंगचे शंभर-दीडशे अँपियर अर्थ क्लॅम्पकडे परत जातात. वेल्डरनं क्लॅम्प पुढच्या बंपरला लावला आणि जोड मागे मारला, तर मधल्या सगळ्या वायरिंगला त्यानं रस्ता बनवलं. क्लॅम्प जोडापासून वीतभर अंतरावर, बॅटरीची दोन्ही टोकं सुटी, ईसीएमचे आणि अल्टरनेटरचे कपलर काढलेले, हे सगळं मशीन चालू करायच्या आधी व्हायला हवं होतं. तुमच्या वेल्डरनं बहुधा पॉझिटिव्हचं टोकही काढलं नसेल.

तरी लगेच ईसीएम घेऊ नका. आधी मुख्य फ्यूज आणि फ्यूजिबल लिंक (फ्यूजचं काम करणारी वायर) पाहा, ती बाहेरून अखंड दिसते आणि आत तुटलेली असते, ओढून पाहिली की रबरासारखी ताणते. मग मागच्या बाजूचे अर्थचे बोल्ट. वेल्डिंगनंतर "ईसीएम गेला" म्हणून आलेल्या गाड्यांत मला फ्यूजिबल लिंकच उडालेली मिळालीय, एकदा नव्हे. ती तपासायला पैसे लागत नाहीत.

प्रश्न: ईसीएम उघडून इथेच दुरुस्त होतो का? मी इचलकरंजीत मेकॅनिक आहे, सोल्डरिंग येतं.

उत्तर: आत नुसता बोर्ड असेल तर हात असलेल्याला होतो. रबरासारखं किंवा दगडासारखं रसायन ओतलेलं असेल तर ते खरवडताना बारीक पार्ट निघून येतात, त्या वाटेला जाऊ नको. आणि एक लक्षात ठेव बाबा, इंजेक्टरच्या बाजूला हात घालताना गाडी १२ व्होल्टची आहे असं समजू नकोस. इंजेक्टर झटक्यात उघडायला आत त्याहून कितीतरी जास्त व्होल्ट तयार होतात. टेस्ट लॅम्प तिथे लावलास तर लॅम्प तरी जाईल किंवा ईसीएममधला ड्रायव्हर.

प्रश्न: पनवेलहून लिहिते. आमच्या कॅम्परला बॅटरी कट-ऑफचा लाल खटका आहे. पावसाळ्यात दोन-तीन महिने गाडी उभी असते तेव्हा तो बंद ठेवावा का? ड्रायव्हर म्हणतो, खटका बंद केल्यानंच ईसीएम जातात. यजमान म्हणतात, बंद न केल्यानं बॅटरी जाते.

उत्तर: ताई, दोघंही अर्धं बरोबर सांगतायत. बंद ठेवायचाच, पण कधी बंद करता ते महत्त्वाचं.

इंजिन चालू असताना तो खटका कुणी ओढला, तर अल्टरनेटरचा चाललेला करंट अचानक निराधार होतो. बॅटरी ही सिस्टिममधली उशी असते, धक्के तीच झेलते. ती बाजूला झाली की दाब क्षणार्धात उसळतो. अल्टरनेटरमध्ये झेलणारे डायोड नसतील तर १२ व्होल्टच्या गाडीत तो ८० व्होल्टच्याही वर जाऊ शकतो. पापणी लवायच्या आत हे होतं, पण ईसीएमला तेवढं पुरतं. तुमच्या ड्रायव्हरनं कुणाच्या तरी गाडीत हेच पाहिलेलं असणार. बॅटरीचं टोक ढिलं असताना खड्ड्यात गाडी आदळली तरी हेच होतं, आणि त्याला खटकाही लागत नाही. म्हणून टोकं हातानं हलवून बघायची सवय ठेवा. हलली तर पाना घ्या.

किल्ली बंद केल्याबरोबरही खटका ओढायचा नाही. ईसीएम त्यानंतर थोडा वेळ जागा असतो, आपली नोंद लिहीत असतो. गाडी बीएस-सहा आणि (धूर साफ करायला लागणाऱ्या) युरियाची टाकी असलेली असेल तर लाइनमधला युरिया परत टाकीत ओढायचं कामही तेव्हाच चालतं. कान दिलात तर घर्र असा आवाज ऐकू येतो. तो थांबू द्या. मी पाच मिनिटं धरतो. तेवढ्यात गॅसची सिलिंडर बंद करा, पाण्याची टाकी रिकामी करा, खिडक्या लावा, मग खटका. परत सुरू करताना आधी खटका, मग किल्ली. आणि तीन महिने गाडी झाकून ठेवली तर गाडीखाली उंदराचे पिंजरेही लावा. पनवेलच्या पावसात त्यांना कोरडी जागा हवी असते आणि ईसीएमची वायरिंग त्यांना फार आवडते.